बिबट्याच्या भोंग्याची चाचणी

३ नोव्हेंबर, सोमवार
आजही नाही वाजला! बांधावरच्या कॅमेऱ्याला उसात बिबट्या दिसला की वस्तीवरच्या अकरा घरांचे भोंगे वाजायला हवेत. आज बिबट्या मीच — अम्मीची ठिपक्यांची चादर पांघरून चार पायांवर. इंजिनिअरिंग करून ही पाळी. दहा भोंगे वाजले, प्रयागबाईंचा मुका. आणि त्यांचंच घर उसाला चिकटून.

भोंग्यांचे डबे स्वस्तातले, मेमरी एवढीशी. कॅमेरा पाठवतो तो निरोप पाचशे बारा बाइटचा. तेवढा एका घासात जात नाही. रेंज जरा हलली की डबा निरोपच टाकून देतो. निरोप तोडून पॅकेट लहान करून बघते.

५ नोव्हेंबर
दोनशे छप्पन्न. सहा चाचण्या, दोनदा वाजला. जुन्नरला परतताना एसटीत डोळा लागला, स्टँडवर कंडक्टरने उठवलं.

६ नोव्हेंबर
चौसष्टवर आणलं, तर आणखी वाईट! एका निरोपाचे आठ तुकडे झाले. एक वाटेत हरवला की सगळा निरोप बाद. जितकं लहान तितकं बरं, असं काही नसतं.

दर चाचणीआधी प्रयागबाईंना फोन करायचा, हा नियम माझाच. घाबरू नयेत म्हणून. आज सातव्या फोनला म्हणाल्या, "पोरी, गवत कापता कापता इळा ठिवून फोन घ्यावा लागतो. नगं करूस. वाजला की मला कळतं, तूच हायस." बरंच वाटलं. माझीही दगदग कमी झाली.

१० नोव्हेंबर
पुण्याच्या ऑफिसातल्या मोहित सरांशी वाजलं. निरोपाच्या सुरुवातीला योजनेचं पूर्ण नाव, तालुका, जिल्हा, वर "आपले स्वागत आहे"! मराठी अक्षराला तीन-तीन बाइट लागतात. हे सगळं काढू द्या म्हटलं. नाव राहिलंच पाहिजे, म्हणे. डब्याला पडदाच नाही, वाचणार कोण? वैताग आलाय. पुढच्या सोमवारी ऊसतोड सुरू. ऊस पडू लागला की बिबट्या बाहेर येणारच, आणि प्रयागबाई रोज त्याच बांधावर वाकून गवत कापतात.

१३ नोव्हेंबर
सरांना न विचारता काढलं. उरला फक्त कॅमेऱ्याच्या खांबाचा नंबर आणि वाजण्याची खूण. बारा बाइट. एकच पॅकेट, तुकडे नाहीत.

प्रयागबाईंच्या ओट्यावर बसून बावीस चाचण्या केल्या. बावीसही वाजल्या! शेजारच्या सारजाबाई म्हणाल्या कान किटले. प्रयागबाई मात्र हसत होत्या. चहा दिला. किती दिवसांनी भूक लागली.

१४ नोव्हेंबर
सरांना कळवलं. त्यांचा आग्रह, खात्री हवी. आणखी तीस. सगळ्या वाजल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ऊसतोड सुरू झाली. मी घरीच. अंग मोडून आलंय. दिवसभर झोपले.

१८ नोव्हेंबर
प्रयागबाई गेल्या. मातीहून आत्ता आले.

भोंगा पहिल्याच निरोपाला वाजला. दोन सेकंदांत. नोंद आहे माझ्याकडे. सारजाबाई पळाल्या, पळता पळता त्यांना हाका मारत होत्या. प्रयागबाई गवतावरून मानही वर न करता म्हणाल्या, "अगं, अर्शिया हाय ती."