कड्यापलीकडचा मुहूर्त

शिकागो, २६ मार्च २०२३

चि. हिमानीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन आला होता आणि मी तो मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू नुसतं हो मामा, हो मामा म्हणतेस आणि शेवटी स्वतःला हवं तेच करतेस. कागदावर लिहिलेलं निदान दोनदा वाचशील.

ताईकडून कळलं की तुझं आणि नकुलचं लग्न हॉलमध्ये नाही, देवळातही नाही, ऑलिम्पिक नॅशनल पार्कात समुद्रकाठी आहे. तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. काल डेव्हन ॲव्हेन्यूवर एका मिठाईवाल्याचा फ्रीझर दुरुस्तीला उघडून बसलो होतो, तर काढलेले स्क्रू कुठे ठेवले तेच आठवेना. माझ्या हातून असं होत नाही, हे तुला ठाऊक आहे.

त्या जागेबद्दल सापडेल ते सगळं मी वाचून काढलं. अस्वलं आहेत. पाणी इतकं गार, की आत पडलेल्याचे हातपाय थोड्या वेळात चालेनासे होतात. किनाऱ्यावर अख्खी झाडं वाहून येऊन पडलेली असतात, आणि मोठी लाट आली की तीच झाडं पुन्हा उचलली जातात. मधे माणूस सापडला तर संपलंच. अशा ठिकाणी मुंडावळ्या बांधून उभं राहायचं कुणाच्या डोक्यात आलं? नकुलच्या आलं असेल तर त्याला माझ्याशी बोलायला सांग. मराठी समजतं म्हणतेस ना त्याला? मग मी मराठीतच बोलेन.

तुझे बाबा असते तर हे सगळं त्यांनी विचारलं असतं. ते नाहीत, म्हणून मी विचारतो. गाडी कुठवर जाते? पुढे चालायचं किती? येणाऱ्या माणसांचे गुडघे कसे आहेत? फोटो पाठवू नकोस, फोटोत सगळंच छान दिसतं. अक्षांश-रेखांश पाठव.

मुहूर्त मात्र मीच काढणार. बाकीचे पुण्याचं पंचांग उघडून त्यातून तास वजा करतात आणि छाती पुढे काढतात. मी कॉलेजची पायरी चढलो नाही, पण हे गणित पुस्तकं आणून माझं मी शिकलो. जिथे अंतरपाट धरायचा तिथला सूर्यास्त काढतो, मग बोलतो.

रागावू नकोस. माया आहे म्हणून एवढी शाई खर्च केली.

तुझा
मनोहरमामा

---

बेलव्ह्यू, ४ एप्रिल २०२३

ती. मामांस,
हिमानीचा सा. न. वि. वि.

पत्र लंच टाइमला ऑफिसच्या पॅंट्रीत वाचलं आणि एकटीच हसत सुटले. अस्वलांना आमंत्रण नाही, काळजी नसावी. नकुलला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो इंग्रजीत म्हणाला की मामा त्याच्या प्रोजेक्टवर असते तर एकही बग सुटला नसता. मी त्याला सांगितलं की माणूसही एक टिकला नसता.

आता खरं कारण लिहिते. हॉल घेतला की चारशे माणसं येणार, आणि त्यातली निम्मी मला जवळ घेऊन म्हणणार, आज बाबा हवे होते. मामा, मला ते त्या दिवशी झेपणार नाही. ही जागा आम्ही दोघांनी एकदा चालता चालता पाहिली. तिथे पोचल्यावर बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला. म्हणून तिथे.

गाडीतळापासून जंगलातली छोटी पायवाट आहे. मग वाळूवरून उत्तरेकडे चालायचं. पुढे एक कडा थेट समुद्रात घुसलाय. त्याच्या टोकाला वळसा घातला की पलीकडे अर्धचंद्रासारखा चिमुकला किनारा लागतो. वळसा फक्त ओहोटीला घालता येतो, एरवी लाटा थेट कड्यावर आपटतात. त्यामुळे मुहूर्त ओहोटीचा हवा. पार्काचा भरती-ओहोटीचा तक्ता मिळतो, तो पाठवू का?

परवानगी दहा माणसांची मिळते, तारीख ठरली की अर्ज करते. तांदूळ उधळायचे नाहीत, आग पेटवायची नाही. होम घरी करू. अक्षता सगळ्यांनी आमच्या डोक्याला लावून पुन्हा पिशवीत टाकायच्या. आई यावर काय म्हणेल ते तुम्ही आधी ऐकून घ्या आणि मग मला कळवा!

मामींना नमस्कार. तुमचा आशीर्वाद आणि तुमची भुणभुण, दोन्ही चालू राहू द्या.

तुमची
हिमानी

---

शिकागो, १२ एप्रिल २०२३

चि. हिमानीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यावर हॉलचा विषय मी माझ्यापुरता संपवला. पुन्हा काढणार नाही.

मुहूर्त निघाला. ज्येष्ठ वद्य तृतीया, सोमवार, ५ जून, गोरज. तुमच्या त्या कड्यापाशी त्या दिवशी सूर्य नऊनंतर मावळतो.

तक्ता पाठवू का, असं मला विचारतेस? अगं, मी गुहागरच्या वाळूत वाढलेला माणूस. आमच्याकडे पोराला पाढे यायच्या आधी भरती कळते. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी, सव्वाआठला, पूर्ण ओहोटी. आपण पाणी उतरत असताना वळसा घालायचा, सूर्यास्ताला मंगलाष्टकं म्हणायची आणि पाणी चढायच्या आत परतायचं. चंद्र कोकणातही तोच आणि तुमच्याकडेही तोच. तुझा तक्ता तुझ्याकडेच असू दे.

तरीही मी नुसत्या कागदावर विसंबणारा नाही. महिनाभर आधी हीच तिथी रविवारी, ७ मेला पडते. त्या संध्याकाळी आपण तिघं तिथे जाऊन रंगीत तालीम करू. तिकीट काढलंय. नकुलला सांग, उशीर चालणार नाही.

घरात सर्वांना आशीर्वाद. भेटीत ओरडायला थोडं शिल्लक ठेवतो.

मामा

---

जर्सी सिटी, २० एप्रिल २०२३

चि. मनूस,
रत्नाताईचे अनेक आशीर्वाद.

लेकाकडे, संग्रामच्या घरी, मी बरी आहे. विसाव्या मजल्यावरून खाली बघितलं की मला गरगरतं, म्हणून बघतच नाही.

हिमानीच्या हट्टाला मी हो म्हटलं ते तुझ्या भरवशावर, हे तुला कळावं म्हणून लिहिते. तांदूळ नकोत, होम तिथे नको, बरं. समुद्र तर समुद्र. पण मुहूर्त चुकता कामा नये. माझ्या लग्नात वरात दीड तास उशिरा आली आणि मुहूर्त टळल्यावर माळ घातली. लोक म्हणाले, काही होत नाही. हिमानीचे बाबा पन्नाशीच्या आत गेले. तू म्हणशील, ताई, त्याचा ह्याच्याशी काय संबंध? नसेल. पण रात्री मी तेच धरून बसते. माझ्या मुलीच्या बाबतीत मला ती भीती नको. मुहूर्त हुकणार असेल तर मी येणार नाही, आणि हे लग्न होऊही देणार नाही.

तू मिनिटाचीही चूक करत नाहीस. म्हणून निर्धास्त आहे.

ताईला अशीच साथ दे.

रत्ना

---

बेलव्ह्यू, ११ मे २०२३

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रविवारच्या त्या तालमीनंतर तुम्हाला विमानतळावर सोडलं. त्यानंतर ना फोन, ना पत्र. मामींनी सांगितलं की गुडघ्याची सूज उतरलीय आणि तुम्ही कामावर जाऊ लागलात. पण कुणाशी बोलत नाही म्हणाल्या. म्हणून मीच लिहिते.

टोकाला पोचलो तेव्हा पाणी पोटरीपर्यंत होतं. नकुल मला हळूच म्हणाला होता की हे ठीक दिसत नाही. तुम्ही म्हणालात, उतरतंय, अजून उतरेल, चला. आम्ही चपला हातात घेऊन तुमच्या मागे आलो. पलीकडे तुम्ही काठीने रेघ ओढून अंतरपाटाची जागा ठरवलीत, वारा कुठून येतो ते पाहिलंत. सव्वाआठ झाले. पाणी तुम्ही म्हणाला होतात तेव्हाच उतरायचं थांबलं, पण जेमतेम घोट्यापर्यंत उतरून. टोक उघडं पडलंच नाही. मग ते वळलं.

परत टोकाशी आलो तर पाणी कमरेला लागत होतं. पुढची लाट आली तेव्हा तुमचा हात माझ्या हातातून सुटला. मला फक्त तुमची टोपी दिसत होती, आणि तिच्या पलीकडे तो ओंडका, आमच्या गाडीएवढा, हलताना. नकुलनं तुम्हाला शर्टाला धरून मागे ओढलं. मग त्या निसरड्या उतारावर, झाडांच्या मुळांना धरत, अंधार पडता पडता वर. तुम्ही वर पोचल्यावर काय म्हणालात ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणालात, ताईला मी काय सांगणार होतो.

मामा, मला ते आधी माहीत होतं. तक्त्यात स्पष्ट होतं. तुमची वेळ बरोबरच होती. पण इथल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. या दिवसांत सकाळची खूप खोल जाते आणि संध्याकाळची नावापुरती असते. मी बोलले नाही. तुम्ही इतके ठाम होतात, आणि तुम्हाला खोटं पाडायची मला सवय नाही. आता डोळे मिटले की टोपी दिसते. आम्हा तिघांच्या जागी त्या संध्याकाळी आई असती, नकुलची आई असती, तर?

५ जूनला सकाळी सातच्या पुढेमागे पाणी पार लांब जातं. नकुल पार्कातल्या रेंजरला विचारून आला, तोही तेच म्हणाला. सकाळी कोरड्या वाळूवरून जाता येईल. पण सकाळी मुहूर्त आहे का? नसेल तर आई येणार नाही. आणि मुलीच्या मागे तिच्या मामानं उभं राहायचं असतं, ते तुम्ही राहाल ना? तुम्ही नको म्हणालात तर मी जागा सोडते आणि हॉल बघते. खरंच सोडते. एकदा लिहा फक्त.

तुमची
हिमानी

---

शिकागो, १८ मे २०२३

चि. हिमानीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन चांगली होती, पण त्यांत मी स्वतःचीच बाजू मांडत होतो.

मी घाबरलो आहे. तुझ्या मामाच्या तोंडी हा शब्द तू ऐकला नसशील. बाथरूममध्ये नळाखाली बादली भरायला लागली की मी नळ बंद करतो. परवा एका दुकानाच्या कोल्ड रूममध्ये गेलो, अंगाला गारवा लागला आणि तसाच बाहेर आलो. मालकाला सांगितलं, हत्यार विसरलो. तुझा हात सुटला तेव्हा मला वाटलं होतं की मी नाही, तूच वाहून गेलीस. तेवढ्या वेळात मी ताईपुढे उभा राहून बोलतोय असं मला दिसत होतं, आणि माझ्या तोंडून तिथीची पाऊणपट सोडून दुसरं काही निघत नव्हतं.

तू पाठवू का म्हणाली होतीस तो तक्ता मी आता मिळवून नीट पाहिला. गेला आठवडा तेच केलं. दोन ओहोट्या का सारख्या नसतात तेही वाचून समजून घेतलं. गणित सुरेख आहे. आमच्या गावच्या हिशेबात ते मावत नाही, इतकंच. तू बोलली नाहीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू बोलली असतीस तरी मी ऐकलं नसतं. पण इथून पुढे बोलायचं. ओरडून बोलायचं.

आता मुहूर्त. ५ जूनला सकाळी मुहूर्त नाही. मी तीनदा तपासलं, लग्नरास बदलून बघितली, नवमांश बघितले. ओढूनताणूनसुद्धा बसत नाही. परवानगी त्याच दिवसाची, आणि तीच सकाळ पाण्याची उत्तम. तेव्हा तीन दिवसांपूर्वी ताईला पत्र टाकलं. त्यात लिहिलं की गोरजापेक्षाही बलवान योग हाती लागला आहे, सकाळी सात वाजून अठरा मिनिटांनी. अठरा मिनिटं मी माझ्या मनानं घातली. नुसतं सव्वासात लिहिलं असतं तर ताईचा विश्वास बसला नसता. आज तिचा फोन आला. रडत होती. म्हणाली, मनू, तू आहेस म्हणून मी आहे. मी हो ताई, हो ताई म्हटलं.

आयुष्यात मी मिनिटाची लबाडी केली नव्हती. पहिल्यांदा केली ती बहिणीशी, आणि मला झोप लागली. तिला यातलं कधीही कळता कामा नये. नकुललाही बजाव. त्याला मराठी कळतं हे आता मला पुरेपूर कळलंय, कारण शर्ट धरून ओढताना तो मला जे म्हणाला ते शुद्ध मराठीत होतं. ते मी मनात ठेवलेलं नाही. उलट त्याला माझा आशीर्वाद सांग.

माझ्या अटी ऐक. पाणी उतरत असतानाच सगळ्यांनी टोक ओलांडायचं. ताईच्या एका बाजूला नकुलचे बाबा श्रीरामराव, दुसऱ्या बाजूला संग्राम. बुटांना पकड असलेले तळवे हवेत, जरीच्या चपला पिशवीत. रेंजरला आदल्या दिवशी पुन्हा विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर हॉलही नको, सरळ तुमच्या घरी माळा घालायच्या. मंगलाष्टकं चारच म्हणायची, लांबवायची नाहीत. पाणी जरा जरी वळलेलं दिसलं तर मी मधेच हात वर करीन. मग पुढचं कडवं कितीही गोड असो, सगळ्यांनी निघायचं. ताईला काय सांगायचं ते मी बघतो, आता मला ते जमतं.

मी येणार. ज्या टोकाला मला जन्मात परत जायचं नाही, तिथे येणार, आणि तुझ्या मागे उभा राहणार. फक्त तोंड तुझ्याकडे नसेल. अंतरपाट दूर होईल, अक्षता लागतील, तू हसशील, ते मला काही दिसणार नाही. मी समुद्राकडे तोंड करून उभा असेन. फोटो काढणाऱ्यानं विचारलंच, तर सांग की आमच्यात मामा असाच उभा राहतो.

तुझा
मनोहरमामा