पवनची सायकल, माझे घर आणि राजश्री

मी, वनमाला सुखदेव ओव्हाळ, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली परिचारिका, वय सहासष्ट, राहणार अंबाजोगाई, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी तब्येत आज बरी आहे, बुद्धी जागेवर आहे आणि शेजारी बसून कोणी मला मजकूर सांगत नाही. यापूर्वी मी असा कोणताही दस्त केलेला नाही.

कलम १. वारसांबद्दल. माझे पती सुखदेव यांना जाऊन बरीच वर्षे झाली. एकुलता मुलगा पवन तीन वर्षांपूर्वी गेला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्याची छाती दाबत होते. तो गेला आहे हे मला कळले होते, तरी हात थांबवले नाहीत. त्यानंतर मला रडू आले नाही. विहारात वंदना झाली, माणसे जेवून गेली, मी मंडपवाल्याची भांडी घासून परत पाठवली. बायका म्हणाल्या, हिचे काळीज दगडाचे आहे. उद्या कोणी माझ्या मनःस्थितीवर शंका काढली तर उत्तर लेखी असावे म्हणून नोंदवते, की मला वेड लागले नव्हते. मला काहीच होत नव्हते, एवढेच.

आज माझ्या घरात माझ्याखेरीज एकच माणूस आहे, पवनची पत्नी राजश्री. ती येथील खाजगी शाळेत शिक्षिका आहे.

कलम २. सायकल. पवनची जाड टायरची, गिअरची, डोंगरात चालवायची सायकल व्हरांड्यात उभी होती. झाडताना ती हलवायची म्हणून हातात घेतली आणि बसले. नोकरीत असताना मी ड्यूटीला सायकलवरूनच जात असे, त्यामुळे तोल सांभाळता येत होता. दुसऱ्या दिवशी गावाबाहेर गेले. मग बालाघाटच्या पायवाटांना लागले. चढ चढताना श्वास एवढा लागे की दुसरे काही आठवत नसे. मला तेच हवे होते.

तिथे बंकट भेटले. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मेंढपाळाच्या घरातले, माझ्याच वयाचे. त्यांना डॉक्टरांनी साखरेसाठी सायकल सांगितली होती. ते एक दिवस येत, एक दिवस घरी बसत. मी रोज जात होते. धर्मापुरीपर्यंत जाऊन आले तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा चढाला.

पुढे शरीर बोलू लागले. सकाळी अंथरुणात स्वतःची नाडी धरली की ती नेहमीपेक्षा जलद लागे. अंग थकलेले, पण झोप नाही. अन्नाला चव नाही. सर्दी जाईना. ज्या चढाला पूर्वी उतरावे लागत नसे, तिथे सायकल ढकलावी लागू लागली. ही लक्षणे दुसऱ्या कोणात दिसली असती तर मी त्याला झोपवून ठेवले असते. स्वतःला मात्र सराव कमी पडतोय असे सांगून आणखी लांब जाऊ लागले.

एका सकाळी बंकट माझ्या सायकलीचे हँडल धरून उभे राहिले. "सिस्टर, आज न्हाई जायचं. तुमी चालवता चालवता झोपायलाव." मी हँडल सोडवून घेतले. दरीकडच्या उतारावर डोळ्यांपुढे अंधारी आली. गळपट्टीचे हाड मोडले, हेल्मेटला चीर गेली. बंकटांनी मला खांद्याचा आधार देऊन रस्त्यापर्यंत आणले.

सबब, ही सायकल मी बंकट यांना देते. अट एकच. सलग दोन दिवस चढ चढायचा नाही. ती ते आधीपासूनच पाळतात, तरी लिहून ठेवते.

कलम ३. पदक. आमच्या सायकल ग्रुपचे प्रमुख युवराज यांनी सर्वांत जास्त अंतर कापल्याबद्दल मला पदक दिले होते. मी पडले त्याच महिन्यात. नंतर त्यांनी ग्रुपवर टाकले की विश्रांती ही म्हातारपणाची पहिली पायरी आहे. पदक त्यांना परत करावे. आता त्यांचे गुडघे दुखतात असे कळते.

कलम ४. घर. हाड बसेपर्यंत आणि त्यानंतरही मला घरीच राहावे लागले. डॉ. मोहिनी यांनी बजावले होते की हाड लवकर जुळेल, पण शिणलेल्या शरीराला जास्त दिवस लागतील. या वयात व्यायाम अंगी लागतो तो झोपेत आणि जेवणात, असे त्यांचे म्हणणे. मी खाटेवर पडून असे. राजश्री शाळेतून येऊन माझे केस विंचरी, कारण माझा हात वर जात नव्हता. असेच विंचरताना ती मागून म्हणाली, "आई, तुम्ही रोज डोंगरात जात होता. मी कुठं जायचं?"

फणी थांबली होती. ती रडत होती हे मला तिच्या हातावरून कळले. तेव्हाही मला रडू आले नाही, पण त्या दिवशी मी दुपारभर झोपले. पुढे नाडी हळूहळू खाली आली. भाकरीला चव आली. आता मी आठवड्यातून दोनतीनदा, सपाटीवरून, बोलता येईल एवढ्याच वेगाने जाते. बाकीचे दिवस आम्ही दोघी चहा घेऊन व्हरांड्यात बसतो.

राजश्रीला तिच्या शाळेतले शिक्षक नाथा यांनी लग्नाचे विचारले आहे. मला एकटीला सोडून कसे जावे म्हणून ती होकार अडवून बसली होती. मी तिला होकार कळवायला सांगितले. हे आणि घर मी तिच्या नावे करणार हे कळताच माझे दीर सुग्रीव सिरसाळ्याहून आले. म्हणाले, "वैनी, ती लगीन करून जाणार. मग घर कावून तिला? रक्ताचं माणूस न्हाई का कुणी?"

मी त्यांना सांगितले, "भाऊजी, घर माझ्या पगारातलं आहे. ती या घरातून जाईल ती लग्न करून जाईल. कोणी काढलं म्हणून नाही."

सबब, घर, त्यातील सर्व सामान आणि बँकेत जे शिल्लक असेल ते राजश्रीला द्यावे. तिने लग्न केले तरी, न केले तरी. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही.

कलम ५. माझ्या पतीचे मनगटी घड्याळ सुग्रीव यांना द्यावे. ते भाऊ आहेत, ती वस्तू त्यांची आहे. घरावर त्यांचा हक्क नाही.

कलम ६. माझा देह वैद्यकीय शिक्षणासाठी द्यावा.

कलम ७. माझ्यामागे राजश्रीला कोणी कामाला जुंपू नये. पाहुण्यांचा स्वयंपाक बाहेरून मागवावा. ती रडली तर गप्प करू नये, न रडली तर नावे ठेवू नयेत. ती झोपली तर तिला उठवू नये. भेटायला आलेल्यांनी बाहेर थांबावे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. दोघा साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण : अंबाजोगाई
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

(सही) वनमाला सुखदेव ओव्हाळ

आमच्यासमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही :
१. (सही) डॉ. मोहिनी देशमाने, अंबाजोगाई
२. (सही) मंगल आप्पाराव जोगदंड, शेजारी