सुमनच्या चादरी

१२ जाने., सोम.
मीनल काल पिंपळगावला गेली. दीड महिना आईपाशी राहिली, आणखी किती राहणार? जावयाचं पॅकहाऊस, द्राक्षांचा सीझन तोंडावर. आजपासून घरात मी आणि सुमन. हिराबाई स. ९ ते १२ येईल. सुमनची आंघोळ, वेणी, मालिश तिच्याकडे. धुणं माझ्याकडे.
एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ३४ वर्षं बॉयलरच्या पॅनेलसमोर काढली. गॅलरीतलं हे मशीन आज पहिल्यांदा उघडलं. वरून झाकण, आत मधोमध जाड दांडा, त्याला पाती. दोन चादरी, एक गाऊन, पावडर अंदाजाने. चालू केलं. दांडा अर्धा इकडे अर्धा तिकडे फिरतो. पाऊण तासाने उघडलं तर दोन्ही चादरी त्या दांड्याला पिळा घालून बसलेल्या. ओढून काढताना एक टरकन फाटली.
सुमनला सांगितलं नाही. पण आवाज तिने ऐकला असणार.

१४ जाने., बुध.
संक्रांत. स. व्हीलचेअर गॅलरीत नेली. लकव्याचा ॲटॅक आल्यापासून उजवी बाजू गेलेली, शब्दही अर्धेच येतात. तरी शिकवलं तिने. मी चादर दांड्याभोवती गुंडाळून ठेवायला लागलो तर डोकं जोरात हलवलं. "नको... गोल नको." डाव्या हाताने दाखवलं, सैल सोडायची, चारी बाजूंनी सारखी, दांडा मोकळा. मग बोटाने पाण्याचं बटण. मोठ्यावर.
आज एकही अडकली नाही. मी म्हटलं, "सोळा वर्षं हे एकटी करत होतीस?" ती हसली असं वाटलं. तोंड एका बाजूला ओढलेलं असतं, नक्की कळत नाही.
समोरच्या वहिनी तिळगूळ द्यायला आल्या. दारातूनच दिला. घरात लघवीचा वास येतो, मला कळत नाही, त्यांना आला. पदर नाकाशी नेला आणि लगेच खाली केला. सुमनने पाहिलं.

१७ जाने., शनि.
दुरुस्तीसाठी लाइट ९ ते ४ बंद. मशीन पाण्याने भरलेलं, आत तीन चादरी भिजत. आयुष्यभर वीज बनवली आणि आज बाथरूममध्ये पाटावर बसून चादरी पिळत होतो. एकट्याने चादर पिळता येत नाही, एक टोक नळाला बांधावं लागतं. कंबर धरली.
आज ५ चादरी. नोंद ठेवायची जुनी सवय. शिफ्ट संपताना लॉग लिहिला नाही तर चैन पडत नसे, तसंच.

२० जाने., मंगळ.
डायपर गळायचेच, आता तेही बंद केले. मांड्या सोलवटल्यात, जखमा होतील, दिवसा मोकळं ठेवा म्हणाले डॉक्टर. मग काय, मेणकापड, वर चादर, आणि दर दोन-तीन तासांनी बदल. आधी बाथरूममध्ये हाताने खळबळून काढायचं, मग मशीन. हात कितीही धुतले तरी जेवताना घास तोंडाशी नेला की जाणवतं.
थंडी आहे, वाळत नाही काही. पंख्याखाली दोरी बांधली. हॉलमध्ये शिरलं की ओल्या चादरी तोंडाला लागतात.
६.

२३ जाने., शुक्र.
वाईट दिवस.
स. मशीन पिळायला लागलं आणि धाडधाड सुरू. सगळ्या चादरी एका अंगाला गोळा झालेल्या. प्लांटवर टर्बाइनचं व्हायब्रेशन वाढलं की ते ट्रिप व्हायचं, आपोआप बंद पडायचं, आणि आपण निदान समोर उभे तरी असायचो. इथे मी सुमनला भरवत होतो. पोचेपर्यंत मशीन हातभर सरकलेलं, मागचा पाइप निसटलेला, गॅलरीभर पाणी, ते हॉलमध्ये. पुसून उठलो. सुमनची चादर ओली. बदलली. ताट उचलून आलो तर परत ओली. बदलली. कपाटात कोरडी एकच उरली होती, ती घातली. पंधरा मिनिटांत तीही.
तेव्हा बोललो तिला. काय बोललो ते इथे लिहीत नाही.
हिराबाई स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं. आली, माझ्या हातातून चादर घेतली.
सुमन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी चहा नको म्हणाली.

२६ जाने., सोम.
४. कमी झाल्या.
सुमनशी नीट बोलतोय. तिच्या आवडीचा शिरा केला, गाठी झाल्या. खाल्ला तिने दोन चमचे.

२९ जाने., गुरु.
३. मशीन एकदाच लावलं. आता हात बसलाय, पिळताना उभा राहतो, आवाज बदलला की झाकण उघडून चादरी सारख्या करतो.
मीनलचा फोन. तिला सांगितलं, आईचा कंट्रोल येतोय परत. ती म्हणाली, "अप्पा, खरंच? तुम्ही छान सांभाळताय हो." बरं वाटलं. खूप दिवसांनी कोणी छान म्हणालं.

१ फेब्रु., रवि.
२ फक्त. लिहून ठेवतो, डॉक्टरांना दाखवायला.
दु. तासभर पेपर वाचला. गॅलरीतल्या उन्हात खुर्ची टाकून. दोरी रिकामी होती.

३ फेब्रु., मंगळ.
१.
सुमनचे ओठ फुटलेत. थंडीने. हिराबाईला तूप लावायला सांगितलं. आज सुमन फार झोपली. हाक मारली की डोळे उघडते, परत मिटते. मला वाटलं, विश्रांती होतेय.

४ फेब्रु., बुध.
चादर एकच, पण डाग गडद, जवळजवळ तपकिरी. वास वेगळा, उग्र. मशीनमधून काढल्यावरही गेला नाही. अंग गरम लागतंय. उद्या सकाळी डॉक्टरांना

५ फेब्रु., गुरु.
ॲडमिट केलं. नाशिकरोडलाच. ताप १०३. मला ओळखलं नाही, मीनल समजून बोलत होती. सलाइन लावलंय. बाहेर बाकावर बसून लिहितोय.
तरुण डॉक्टर. विचारलं, "आजोबा, आजी दिवसभरात पाणी किती प्यायच्या?"
मला सांगता येईना. चादरी किती विचारल्या असत्या तर तारखेवार सांगितल्या असत्या.
म्हणाले, शरीरात पाणीच नाही. लघवीत इन्फेक्शन, किडनीवर ताण आलाय. दोन दिवस थांबला असता तर अवघड होतं.
हिराबाई रिक्षातून सोबत आली होती. डॉक्टर गेल्यावर खाली मान घालून म्हणाली, "काका, काकू पानी पीतच नव्हत्या. तुम्ही ग्लास ठेवून मशीनकडं गेले का मला खुनवायच्या, वत म्हणून. मी मोरीत वतायची. रातचं उरलेलं पानीबी सकाळी मीच टाकायची."
"कधीपासून?"
"तुम्ही रागावले ना, त्या दिसापासून."
"मग मला सांगितलं का नाहीस?"
"त्यांनी हात धरला माझा. सोडीच ना. लय रडल्या. म्हनल्या, काका... थकले. एवढंच बोलता आलं त्यांना. मला वाटलं, कमी पितात, अजिबात नाय असं नव्हतं वाटलं." मग तीच रडायला लागली. मूळची देवळ्याची, विधवा, सुमनला सख्ख्या आईसारखं करते. तिला काय बोलू?
म्हणजे ४, ३, २, १ ही सुधारणा नव्हती. मी पेपर वाचत बसलो होतो उन्हात.

६ फेब्रु., शुक्र.
मीनल आली. आईला पाहून घाबरली. मला विचारते, "अप्पा, तुम्ही तर म्हणाला होतात कंट्रोल येतोय?" थंडीमुळे पाणी कमी पडलं असेल, असं सांगितलं.
घरी येऊन दवाखान्यातले कपडे मशीनला लावले. उभं राहवेना. चालू ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसलो.

९ फेब्रु., सोम.
ताप उतरला. सुमनने डोळे उघडून मला ओळखलं. "अहो," म्हणाली. मग खाली चादर चाचपली डाव्या हाताने, कोरडी आहे का बघायला. नळी लावली आहे, कोरडीच होती. तरी चाचपत राहिली.
ते बघितलं आणि मीनलला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. २३ तारखेला काय बोललो तेही. इथे आता लिहितो. मी म्हणालो होतो, "जरा धरून ठेवता येत नाही का तुला? मुद्दाम करतेस का? यापेक्षा ॲटॅक आला त्या दिवशीच तू गेली असतीस तर दोघंही सुटलो असतो."
४१ वर्षांच्या संसारातलं हे वाक्य.
मीनल म्हणाली, "तुम्ही असं म्हणालात? आईला?" एवढंच. मग आत जाऊन आईच्या उशाशी बसली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र माझ्यापुढे उघडून ठेवला.

११ फेब्रु., बुध.
डिस्चार्ज. नळी काढली. दिवसाला निदान दीड लिटर पाणी गेलंच पाहिजे, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. सुमन ऐकत होती.
रिक्षात मीनल म्हणाली, "सीझनचं मी बघते काय ते. आईला मी पिंपळगावला नेते. आमच्याकडे माणसं आहेत."
पहिल्यांदा मनात आलं, सुटलो. खरं लिहायचं तर हेच आलं. मग इतकी लाज वाटली की रिक्षाबाहेर बघत राहिलो. बिटको चौक आला तरी कळलं नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
मीनल आठ-नऊ दिवसांसाठी परत गेली, खोलीची तयारी करायला. म्हणाली, २२ ला, रविवारी गाडी घेऊन येते.
सुमन पाणी पीत नाही. ग्लास ओठांना लावला की दात घट्ट. चमच्याने दिलं, मान फिरवली. हिराबाई हात जोडते, "काकू, घ्या ना वं घोटभर." नाही. दिवसभरात जेमतेम एक ग्लास, तोही वरणाच्या पाण्यातून.
चादरींची नोंद बंद केली. आता पाण्याची ठेवतो.

१५ फेब्रु., रवि.
तिच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. दोन वाक्यं मनात जुळवली होती, तीही नीट आली नाहीत. म्हटलं, "त्या दिवशी बोललो ते... माझं डोकं फिरलं होतं गं. धुण्याचं काय एवढं? मशीन करतं. मला काही जड जात नाही."
ती म्हणाली, "खोटं."
स्वच्छ. अडीच महिन्यांत इतका स्पष्ट शब्द आला नव्हता.
खोटंच होतं. हात सोलपटलेत, कंबर वाकत नाही, वासाने कधी कधी उमासा येतो, आणि ती हे सगळं पलंगावरून बघते. ४१ वर्षं मला बघत आलीय.
मग म्हटलं, "बरं. जड जातं. फार जड जातं. कधी कधी तुझा राग येतो. तरी पी."
बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं. अर्धा ग्लास प्यायली. थोडं गळ्यावर सांडलं.

१८ फेब्रु., बुध.
काल चार ग्लास. आज दोनच. उद्याचं माहीत नाही. हट्ट करते, मग पिते, मग रडते. बदलताना डोळे मिटून घेते, मी तिथे नाहीच असं.
मशीन दिवसातून दोनदा चालू आहे. चादरी सैल सोडतो, दांडा मोकळा ठेवतो. एवढं एक जमतं.
हिराबाई म्हणाली, "काकू तिकडं गेल्या तर तुम्ही एकटे काय कराल वो?" मी म्हटलं, झोपेन. ती हसली नाही.

२० फेब्रु., शुक्र.
मीनलचा फोन. खोली तयार आहे, संडास जवळ आहे, एक बाई दिवसभरासाठी ठरवली. "अप्पा, आईला विचारलंत का?"
नाही विचारलं. विचारायची भीती वाटते. जाते म्हणाली तर माझ्या बोलण्याने गेली. राहते म्हणाली तर पुन्हा माझ्यासाठी तहानलेली राहील, आणि मला पुन्हा कळणार नाही.

२१ फेब्रु., शनि.
स. बॅग काढली. चार गाऊन, औषधं, शाल. सुमन पलंगावरून बघत होती. म्हटलं, "मीनल उद्या येतेय. पिंपळगावला जायचं का तुला?"
"तुम्ही?"
"मी इथेच. तिथे किती जणांनी राहायचं? येत जाईन दर चार दिवसांनी."
तिने डोळे मिटले.
हिराबाई वेणी घालत होती. म्हणाली, "काका, त्यांनाच काय इचारता? तुम्हाला काय पायजे ते सांगा ना एकदा."
मला काय पाहिजे? ती इथे असावी. आणि मला आठ तास झोप मिळावी. दोन्ही एकदम मागता येत नाही, आणि एकेक मागायला तोंड उघडत नाही.
दु. ४. हिराबाई गेल्यावर परत विचारलं. या वेळी नुसतं "जायचं का" नाही. म्हटलं, "मला तू इथे हवी आहेस. पण मला भरवसा नाही माझा."
ऐकलं तिने. डावा हात उचलून माझ्या उजव्या मनगटावर ठेवला. दाबला नाही, बाजूलाही केला नाही. ओठ हलले, "मी..." आणि पुढचं आलं नाही. मी थांबलो. ती शोधत होती शब्द, कपाळावर आठ्या पडल्या होत्या.
मीनलचा फोन दोनदा वाजला. घेतला नाही. अजून हात तसाच आहे, डाव्या हाताने लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येतंय. ती अजून शोधते आहे.