चौकोनी फोटो, लांबट कागद

माय,

परवा नातीचा मोबाइलमधला फोटो छापून आणायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "आजी, कागदात एवढं मावत नाही. थोडं कापलं तर चालेल ना?" मला हसूच आलं. इतकी वर्षं झाली, तरी कॅमेऱ्याचं आणि कागदाचं अजून जमलेलं नाही. कॅमेरे करणारे आणि कागद करणारे एकदा तरी चहाला एकत्र का बसत नाहीत, हे कोडं मला तुझ्या त्या फोटोपासून पडलंय.

अमरावतीच्या त्या स्टुडिओत तू मधे उभी आहेस, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दादा. दवाखान्यात आयाची नोकरी लागल्यावर तू पहिल्यांदाच स्वतःसाठी चपला घेतल्या होत्यास. आजी, तुझी माय, नांदगाव खंडेश्वरकडच्या आपल्या गावात. तिथं आपल्या वस्तीतल्या बाईनं वेशीतून जाताना पायातलं काढून हातात घ्यायचं, हा रिवाज. आपण बौद्ध झालो, शहरात आलो, आणि लेक आता चपला घालून ताठ चालते, हे आजीला दिसावं म्हणून तो फोटो. तो हाती आला, तर तुझे पाय गुडघ्याशीच संपलेले.

"बाई, कॅमेऱ्यात चित्र चौकोनी निघते अन् पोस्टकार्डचा कागद असते लांबट," स्टुडिओवाला समजावू लागला. "आडवा धरला तं वरचं नाईतं खालचं जातेच. मी तोंडं ठेवली."

"माहं तोंड तं मायले पाठ हाये. चपला कावून कापल्या?"

सगळं घेतलं तर बाजूंना पांढऱ्या पट्ट्या राहतील आणि चित्र बारीक होईल, असं तो म्हणाला. आजीची नजर अधू, तिला मग चपला दिसल्या नसत्या. शेवटी त्यानं उभा कागद सुचवला. त्यात तू डोक्यापासून पायांपर्यंत पुरी येणार होतीस, फक्त बाजूची पोरं जाणार होती. तू त्याच्याकडे असं पाहिलंस की तो चपापलाच.

"लेकरं कापता? माहं डोस्कं कापा ना, भाऊ."

त्यानं तसंच केलं. पहिला फोटो तू तिथंच सोडलास. आणि थोड्याच वर्षांत तूही गेलीस, मी तेव्हा लहान होते.

आजीनंतर तो फोटो माझ्याकडे आला. त्यात मी अख्खी, दादा अख्खा, आणि आमच्यामधे तू, गळ्यापासून खाली. चपलांची जागा पुसट झालीय, आजीनं इतका हात फिरवलाय त्यावरून. तुझा दुसरा फोटो कुणाकडेच नाही. मला तुझा राग येतो कधी कधी, आणि दुसऱ्या क्षणी तुझ्या कुशीत शिरावंसं वाटतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. त्याची घडी करून, कोरी बाजू वर ठेवून, फोटोच्या वरच्या कडेला लावून पाहिली, तर चौकोन बरोबर पुरा होतो. त्या कोऱ्या जागेकडे मी बराच वेळ बघत बसले. तुझं तोंड आजीला पाठ होतं. मला नाही गं, माय.