बांधावरचा निवडुंग, उद्या बारापर्यंत

बुधवार, चैत्र. दिवेलागण

जिवाला चैन न्हाई. माळाच्या बांधावरचा निवडुंग यंदा पिवळाजर्द फुललाय. त्याचा फोटो काढायचा होता. पण कामं उरकून मोबाईल घेऊन गेले तवर दिवस कलला आन फुलं मिटली. दहा फोटो काढले, समदे मिटलेल्या मुठीवानी. ही फुलं उन्हात उघडतात एवढं मला कळू नये? बोटात काटा मोडला तो येगळाच.

आन उद्या सकाळी थोरल्या दिरांनी जेसीबी बोलावलाय. बांध दोघांच्यात सामाईक, त्यावरचा समदा निवडुंग उपटणार.

आमच्या ह्यांना म्हणलं, दादांना दुपारपर्यंत थांबवा. तर म्हणे, "काट्याचा कसला फोटो? लोकं हसतील."

हसू द्या की.

आमच्यात सुना थोरल्या दिरासंग बोलत न्हाईत. बावीस वर्सं मी बी बोलले न्हाई. वाटणीत आमाला खडकाळ माळ आला, तवा बी गप बसले.

आज मीच फोन लावला. फोनवर बोलायचं, तरी पदर डोक्यावर घेतला. म्हणलं, "दादा, मशीन बारानंतर लावा. मला फुलाचा फोटो काढायचाय."

दादा म्हणले, "वाटणीच्या वक्ताला बोलली न्हाईस, आन फुलासाठी बोललीस?"

"हां."

"बारापर्यंत थांबतो."

काटा अजून ठणकायलाय. आज मिटलेलं फूल उद्या परत उघडतं का? का सकाळी नव्या कळ्या उमलायची वाट बघायची? ह्यांना इचारून उपेग न्हाई.

सकाळी दादांनाच इचारते.