केक पॉपचं विरजण

४ जून

या घरात आल्यापासून मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: स्वयंपाकघरातली दोन फळ्यांची मांडणी. ओट्याखालच्या कपाटाचं दार, कारण जुनं फुगून बसलं होतं. खिडकीची जाळी. आणि केक पॉप उभे करायचा लाकडी ठोकळा, त्याला अठ्ठेचाळीस भोकं आहेत आणि एकही तिरकं नाही. खुद्द केक पॉप अजून मनासारखे जमलेले नाहीत, म्हणून यादीत घेत नाही.

घर झकास आहे. वरचा मजला, भरपूर उजेड, ऐसपैस ओटा. घरमालक सांगत होता की आधीच्या भाडेकरू बाई एकट्या राहायच्या, एक दिवस सगळं टाकून निघून गेल्या. कपडे, भांडी, चपलासुद्धा तशाच. फ्रिज आणि ओव्हन त्याने आमच्यासाठी ठेवले. बायको लगेच म्हणाली, चपला टाकून कोण जातं हो? मी म्हटलं, नव्या घेतल्या असतील. ओव्हन उत्तम आहे, तापमान एका अंशानेही हलत नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा मी फिटर होतो. वेल्डिंग कोणाच्या पायाशी बसून शिकलो नाही, घड्याळं खोलायलाही नाही, केकही नाही; सगळं माझं मीच. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात काचेमागे केक पॉप मांडलेले असतात. काडीवर लिंबाएवढा गोळा, वर चॉकलेटचा लेप. पोऱ्या नाक चोळलेल्या बोटांनी ते उचलून देतो. हिला म्हटलं, याहून सरस आणि स्वच्छ मी घरी करीन. ही म्हणाली, करा, पण ओटा तुम्हीच पुसायचा.

७ जून

कृती आता पक्की आहे. साधा केक भाजायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा, कडांचा तपकिरी भाग कापून टाकायचा. मग हाताने कुस्करायचा, असा की एकही गुठळी बोटाला लागू नये. त्यात लोणी-साखरेचं क्रीम थोडं थोडं घालून मळायचं. जास्त झालं तर गोळा ओशट होऊन काडीवरून घसरतो, कमी झालं तर भेगा पडतात. एक गोळा तीस ग्रॅम. काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून मग खुपसायचं, म्हणजे पकड बसते. गोळा फार गार असला तर लेप तडकतो आणि आतलं तेल बाहेर येतं. घाम आल्यासारखं दिसतं, मला ते बघवत नाही.

मला साखरेचा आजार, म्हणून चाखायचं काम हिचं. मळलेला गोळा काडीला लावण्याआधीच चमच्याने चाखते. आज म्हणाली, गोड आहे. पुढे काही नाही. दुकानातल्यात, ही म्हणते, गोडाच्या मागे आणखी काहीतरी असतं, मुरलेलं, ऊबदार.

दुकानात जाऊन विचारलं. कॉफीवाला बडबड्या माणूस आहे, सतत हात पुसत असतो. म्हणाला, उरलेत ते शेवटचे. करणाऱ्या बाई गेल्या. कुठे राहायच्या विचारलं, तर आमच्याच घराचा पत्ता.

१० जून

सापडलं. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात रुतलेला एक पांढरा झाकणाचा डबा. आत कुस्करून मळलेला केक, पिवळसर, मऊ. ही म्हणाली, फेका ते, कोणाचं काय असेल. मी न तपासता काही फेकत नाही. वास घेतला. व्हॅनिला, लोणी, आणि मागे ते मुरलेलं काहीतरी. नव्या मिश्रणात एक वाटी घातलं. हिने चमचाभर चाखलं आणि डोळे मिटले.

म्हणजे बाईंची युक्ती विरजणाची होती. दर वेळी थोडं बाजूला ठेवायचं, पुढच्या मिश्रणात घालायचं. कोणी सांगितलं नाही, माझं मीच ओळखलं. ही म्हणाली, दह्याचं शास्त्र केकला लावणारे तुम्ही जगातले पहिलेच, आता कपाटाच्या दारालाही विरजण लावा. हसत हसत अजून दोन चमचे खाल्ले.

१६ जून

कॉफीवाल्याने रोजचे अठ्ठेचाळीस घ्यायचं ठरवलं. म्हणाला, हुबेहूब त्या बाईंसारखे. मी म्हटलं, त्यांच्याहून सरस. कसे करता विचारलं, तर म्हटलं, स्वतःची पद्धत आहे. डब्याबद्दल बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती.

एक नोंद. संध्याकाळी डब्यात वाटीभर उरलं होतं, सकाळी डबा गळ्यापर्यंत भरला होता. लोणी फुगत असावं. फ्रिजमध्ये असूनही डबा हाताला कोमट लागला, झाकणाला आतून दव. पुसून काढलं. फडक्याला जो चिकटपणा आला तो साबणाने गेला नाही, फडकं जाळलं.

२१ जून

गोळ्यात केस. लांब, तांबूस रंगवलेला. मी टोपी घालतो, हातमोजे घालतो, ही ओट्याजवळ केस सोडत नाही. आणि हिचे केस आखूड, काळे, मुळाशी पांढरे. ओढला तर येईना, गोळ्यात कुठेतरी रुजल्यासारखा. चिमट्याने ओढला तेव्हा टोकाशी पांढरा ठिपका होता, जिवंत केसाला असतो तसा.

दुपारी नख. त्यावर गुलाबी रंग, निम्मा उडालेला. मोरीत जाऊन दोनदा ओकलो.

तरीही डबा फेकला नाही. इथे खरं लिहितो. चाळणीतून काढलं, ठोकळा भरला, माल पोचवला. हातचा उत्तम माल टाकवत नाही.

ही आज जेवली नाही. भूक नाही म्हणाली. गोळ्याच्या पातेल्यातून मात्र बोटाने चाटत होती.

२५ जून

हिचा हात धरून खुर्चीतून उठवलं, तर माझ्या अंगठ्याचा खळगा तिच्या दंडावर तसाच राहिला. भरून आला नाही. दुसरीकडे दाबून बघितलं. तिथेही. मी बोट मागे घेतलं तेव्हा बोटाला ओशट लागलं, व्हॅनिलाचा वास आला.

ही हसली. म्हणाली, काय हो, माणूस आहे की कणीक, दाबून काय बघताय. दुखत नाही म्हणाली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी साठलंय, मीठ कमी करा. डॉक्टरांनी हात लावला आणि रुमालाला पुसला, ते मी पाहिलं.

आल्यावर आजचं मिश्रण चाखायला दिलं. द्यायला नको होतं. पण तिच्याशिवाय चव सांगणार कोण?

२८ जून

गादीवर चुरा. पिवळा, मऊ. तिच्या टाचांपाशी. ब्रशने गोळा केला, उंदराचं असेल म्हणून. उंदराचं नाही.

कॉफीवाला खूष. म्हणाला, या आठवड्यात चव अशी काही चढलीय की गिऱ्हाइकं काड्या चोखत बसतात. मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

मग वजनं घेतली. काटा मी स्वतः दुरुस्त केलेला आहे, खोटं बोलत नाही. डॉक्टरांकडे भरली होती त्याहून ही कमी झाली आहे. डबा पुरेना म्हणून मोठं पातेलं घेतलं होतं, तेही भरलं आहे. मी घातलेला केक वजा केला तर पातेल्यात वाढलं ते आणि दुकानात गेलं ते, दोन्ही मिळून तेवढंच, जेवढं तिच्यातून गेलं.

वरच्या थरात केस आहेत. आखूड, काळे. मुळाशी पांढरे.

२९ जून

सगळं गटारात ओतायला घेऊन गेलो. पहिला चमचा पाण्यात पडला आणि वरून ती ओरडली. धावत आलो. करंगळी नव्हती. बशीत चुरा होता, ती तो चाटून तोंडात भरत होती, वाया जाऊ नये म्हणून.

आता ओतता येत नाही. ठेवावंच लागणार. विकणं बंद.

जे विकलं त्याचा हिशेब मी करणार नाही. अठ्ठेचाळीस रोज — नाही.

१ जुलै

मुलीचा फोन आला. आईला द्या म्हणाली. झोपली आहे म्हटलं. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही तिला फार राबवता, तिच्यावर प्रयोग करता, तुमचं आपलं नेहमीचंच. मी रागाने फोन ठेवला. मग तिथेच जमिनीवर बसलो.

बिछान्यावरून आता उचलता येत नाही, हात आत जातात. कडा कोरड्या पडून तडकतात आणि भेगांतून तेल येतं. कापसाने टिपतो. प्रत्येक वेळी घशाशी येतं. हिच्यासोबत संसार केला आणि हिला शिवताना मला — लिहवत नाही. तिला दिसलंच. म्हणाली, शी म्हणू नका हो, मीच आहे.

३ जुलै

चुरा पडला की पातेल्यात घालतो. दुसरं कुठे घालू? तीन पातेली, डबा वेगळा. सगळं ऊबदार. हाक मारली की वरचा थर किंचित हलतो.

चेहऱ्याची एक बाजू उशीला चिकटून राहिली. चमच्याने, हळू, सगळं — एक कणही सोडला नाही.

तोंड उरलं होतं. म्हणाली, जन्मभर मीच चाखलं. एकदा तरी तुम्ही चाखा, सांगा कशी झालीय.

चाखलं.

किळस गिळून चाखलं. चमचाभर. साखर वाढू दे.

उत्तम झालीय म्हटलं. खोटं नाही. ती हसली, ओठ सुटे झाले —

५ जुलै

पलंग स्वच्छ. चादर धुतली. पातेली ओट्यावर, झाकून.

माझ्या अंगठ्यावर पेनाचा खळगा. भरत नाही. अक्षर वाकडं येतंय, माफ — मला वाकडं चालत नाही.

कॉफीवाला दारात. माल का थांबला विचारतो. आत आला, पातेली बघितली, दचकला नाही. हात पुसत म्हणाला, त्या बाईंनीही सुरुवातीला असंच केलं होतं, नवरा डब्यात आहे म्हणून द्यायला तयार नव्हत्या. शेवटी एकट्या पडल्या, चाखत बसल्या. तुम्ही शहाणे आहात. डबा आणि तिन्ही पातेली मिळून चार लाख.

ही विकायची नाही म्हटलं.

पाच म्हणाला.

हात लावू नकोस म्हटलं. बोट त्याच्यावर रोखलं, ते मध्येच खाली — उचलून पातेल्यात तिच्याजवळ ठेवलं. त्याने झाकण उघडून वास घेतला. तोंडाला पाणी सुटलेलं दिसलं मला. शी.

साडेपाच लाख. रोख. आत्ता. मी नाही म्हणालो, स्पष्ट, दोनदा, लिहिताना उरलेल्या बोटांतून पेन घसरतंय, साडेपाच लाखांना ना