एकशे बाराव्या कडीतलं वाक्य

१२ ऑक्टोबर १९६१, गुरुवार

एक वाक्य. फक्त एक! सेन्सॉरचं पत्र आलं. मास्तरांनी ते जेवणाच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं. सिनेमाच्या शेवटच्या प्रसंगात, नावेच्या धक्क्यावर, शाळामास्तरीण त्या विधवेचा हात धरते आणि म्हणते, "तुझ्याशिवाय मी त्या घरात पाऊल टाकणार नाही." हे काढा म्हणे. त्या जागी घाला, "तू मला सख्ख्या बहिणीसारखी आहेस." मग परवानगी देऊ. हात धरलेला चालतो, डोळ्यांतलं पाणी चालतं. वाक्य तेवढं चालत नाही.

मास्तर म्हणजे आमचे दिग्दर्शक. आधी टेबलावर मूठ आपटली, मग कॉफी प्यायले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एका वाक्यापायी दोन वर्षांचं काम बुडवू का? तूच सांग, निवेस." मला कशाला विचारायचं? मी आवाज देणारी बाई. नटीचा चेहरा मेरीमातेचा आणि आवाज मासळीबाजारातला, म्हणून रोममध्ये माझं पोट भरतं. ओठ तिचे, आवाज माझा, शब्द तिसऱ्याचे.

घरी येऊन देल्फीनाला सांगितलं. ती कुठल्याशा राणीच्या झग्याला टाके घालत बसली होती.

"आणि तू म्हणणार ते?" वर न बघता.

"म्हणणार. काम आहे माझं."

"बरं."

तिच्या या 'बरं'पेक्षा थोबाडीत परवडली. मग तिने आईचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. एर्मेलिंदाबाई शनिवारी येताहेत, उत्तरेतल्या त्यांच्या गिरणीच्या गावाहून. मृतांच्या सणाला थडग्यांवर दिवे लावायचे असतात, म्हणून एकतीसला परत जाणार. आणि जाताना लेकीला घेऊन जाणार. क्विंतो नावाचा गिरणीतला मुकादम आहे, विधुर, दोन मजली घर, 'दात सगळे स्वतःचे'. असं खरंच लिहिलंय.

१३ ऑक्टोबर

देल्फीनाने आज अट घातली. शांतपणे, भाजी चिरता चिरता.

"तू आईला सांग आपलं काय आहे ते. तुझ्या तोंडाने. नाही सांगितलंस तर मी तिच्याबरोबर जाईन."

"मी? आई तुझी! तू सांग ना."

"मी सांगितलं तर ती म्हणेल, पोरीच्या डोक्यात कुणीतरी भरवलंय. भरवणारीच्या तोंडूनच येऊ दे." मग जरा थांबून, "अकरा वर्षं मी तुझी मावसबहीण आहे, निवेस. दरवानबाईला मावसबहीण, पाद्रीबाबांना मावसबहीण, खाटकाला मावसबहीण. मला कंटाळा आलाय."

मला नाही का आला? पण एकदा तोंडातून गेलं की संपलं. आवाज बदलायला स्टुडिओला किती वेळ लागतो! एका सकाळचं काम. मग खायचं काय, राहायचं कुठे? हे तिला समजत नाही असं नाही. समजूनही मागते आहे, म्हणून तर घाम फुटतो.

१४ ऑक्टोबर, शनिवार

म्हातारी आली. काळा रुमाल, एक पिशवीभर चेस्टनट आणि चाकाएवढं चीज. मी दारात उभी राहून म्हटलं, "या मावशी, प्रवास बरा झाला ना?" उत्तर नाही. रुमालाची गाठ सोडत होती.

"तिला ऐकू येत नाही," देल्फीना म्हणाली. "चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलीत. ठार बहिरी आहे."

मग मी पुढ्यात जाऊन घसा फाटेस्तोवर ओरडले. म्हातारीने माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं, माझ्या दातात काहीतरी अडकल्यासारखं. म्हणाली, "ओरडू नकोस बाई, नाक वाकडं होतं तुझं." आवाज मात्र असा की खालच्या मजल्यावर जावा.

पलंग एकच. म्हणून तिला माझ्या जागी, डाव्या बाजूला, लेकीशेजारी झोपवलंय. मी बाहेरच्या खोलीत, घडीच्या खाटेवर. ही वही टोपीच्या खोक्यात ठेवते आहे.

खरं सांगायचं तर हायसं वाटलं. ऐकू येत नाही म्हणजे निदान घरात तरी मोकळेपणाने बोलता येईल.

१६ ऑक्टोबर

म्हातारी दिवसभर खिडकीत. चौकापलीकडच्या दोन बायका बाल्कनीत बोलत असतात, त्यांच्याकडे बघत. संध्याकाळी जेवताना म्हणते, "समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या नवऱ्याने तिचं कानातलं गहाण टाकलं." तिला कुणी सांगितलं? दरवानबाईने लिहून दाखवलं असेल. ती चहाडखोर काहीही करील.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज भांडलो. व्हायचंच होतं.

म्हातारी बाहेरच्या टेबलाशी चेस्टनटला चिरा देत बसली होती. आम्ही स्वयंपाकघरात, दार लावून. देल्फीनाने मला दारासमोरची खुर्ची दिली आणि स्वतः दाराला पाठ करून बसली.

"कधी सांगणार?"

"हळू. बाहेर बसलीय ती."

"तिला ऐकू येतं का? आणि तोंडावरचा हात काढ. तू बोलतेस की जांभई देतेस?"

मग मी हात काढला आणि सुटलेच. काय काय बोलले! म्हटलं, मी भित्री आहे, मान्य. पण तू त्या मुकादमाकडे गेलीस तर मी मरेन हेही खरं. अकरा वर्षं तुझ्या डाव्या हाताला झोपते मी. तुझा श्वास कानाशी लागला नाही तर मला झोप येत नाही, बाहेर त्या खाटेवर तीन रात्री टक्क जागी आहे. तू माझं माणूस आहेस, मावसबहीण गेली खड्ड्यात. आणि शेवटी काय म्हटलं असेन? "तुझ्याशिवाय मी या घरात पाऊल टाकणार नाही."

सिनेमातलंच वाक्य! म्हटल्यावर माझं मलाच कळलं आणि लाज वाटली. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं बोलून बोलून स्वतःचं एक उरलं नाही.

देल्फीना रडली नाही. म्हणाली, "छान बोललीस. मला नको, तिला सांग." आणि उठून दिवा लावला.

बाहेर आले तर म्हातारी चेस्टनट पुढ्यात तसेच टाकून बसली होती. चाकू हातात. म्हटलं दमली असेल.

१८ ऑक्टोबर

सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

एकशे बारावी कडी. आमच्याकडे चित्रपटाचे तुकडे करून प्रत्येकाची दोन टोकं जोडतात, त्याला कडी म्हणतात. तोच तुकडा पडद्यावर गोल गोल फिरत राहतो आणि आपला शब्द त्या ओठांवर बसेपर्यंत आपण म्हणत राहायचं. एरवी मी तिसऱ्या खेपेला बसवते. आज सत्तावीस खेपा.

सत्तावीस वेळा पडद्यावरच्या नटीने मुक्याने म्हटलं, पाऊल टाकणार नाही. सत्तावीस वेळा मी तिच्या तोंडात बहीण कोंबली. वाक्य मोजून तेवढ्याच लांबीचं बनवलं होतं, सुरुवात जमली, शेवट जमला. मधे मात्र तिचे ओठ भलतंच सांगत होते.

काचेमागून आवाज टिपणारा गास्पारे म्हणाला, "सोड, निवेस. ओठ कोण बघतंय? लोकांना जे ऐकू येतं तेच ते बघतात. वीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

माझाही तोच. मास्तर येऊन खांद्यावर थोपटून गेले. त्यांचे डोळे लाल होते. मला त्यांची दया आली नाही.

घरी देल्फीनाने विचारलंसुद्धा नाही. ट्रंक काढली आहे पलंगाखालून. तिची.

२२ ऑक्टोबर, रविवार

आज ठरवलंच. देल्फीना प्रार्थनेला गेली तेव्हा म्हातारीसमोर खुर्ची ओढून बसले. कागद-पेन्सिलही घेतली होती. ऐकू येत नाही तर लिहून देऊ. कागदावर 'मावशी' एवढं लिहिलं आणि हात थांबला. कागद मागे राहतो. पाद्री वाचतो, देल्फीनाचा भाऊ वाचतो.

म्हणून तोंडाने बोलायला लागले. "मावशी, देल्फीना आणि मी..." म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती, पापणी न हलवता. म्हटलं, "... आम्हाला तुमचे चेस्टनट फार आवडले."

"एवढंच?" म्हातारी म्हणाली.

मी मान हलवली. तिने माझा कागद उचलला आणि त्यावर साली गोळा केल्या.

२५ ऑक्टोबर

परवा पहिला खेळ. मास्तरांनी तीन पास पाठवलेत. देल्फीना म्हणते, आईला न्यायचं. "बहिरीला सिनेमा कशाला?" मी म्हटलं. "चित्रं बघेल," ती म्हणाली.

ट्रंकेत तिचा हिवाळ्याचा कोट गेला. मी बघितला. आता फक्त सहा दिवस आणि मी अजून चेस्टनटवरच आहे.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

कोटही न उतरवता लिहायला बसले आहे.

दुपारचा खेळ, थिएटर भरलेलं. म्हातारी मधे, आम्ही दोन बाजूंना. दोन तास ती हलली नाही. मग तो धक्का आला, ती नाव आली, हातात हात. पडद्यावरून माझा आवाज आला, स्वच्छ, गोड, "तू मला सख्ख्या बहिणीसारखी आहेस." मागे कुणीतरी नाक पुसलं. गास्पारेचं खरं होतं, लोकांना ऐकू आलं तेच त्यांनी बघितलं.

आणि म्हातारी भर थिएटरात, तिच्या त्या आवाजात, "बघितलंस? तुझ्याशिवाय त्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणाली! धीराची आहे बाई."

माणसं वळली. कुणी श्श केलं, कुणी हसलं. "नाही हो आजी, बहीण म्हणाली ती," पुढचा माणूस मागे वळून म्हणाला. म्हातारीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "बहीण? तू आंधळा आहेस का रे?"

बाहेर आल्यावर देल्फीनाला कोपऱ्यात ओढून विचारलं, हे काय? ती म्हणाली, "शेकडो माग एका वेळी चालू असतात. तिथे ओरडून काय ऐकू येणार? आमच्या गावच्या सगळ्या बायका ओठांवरच बोलतात, आवाजाशिवाय. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत."

मग समोरच्या मजल्यावरचं कानातलं. मग रविवारी माझं 'देल्फीना आणि मी'. मग मंगळवार! आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला वरपासून खालपर्यंत काच आहे. ओठांवर पोट भरणारी मी, आणि दहा दिवस मला दिसलं नाही. म्हातारीला सगळं ठाऊक आहे. अक्षर न् अक्षर. आणि ती गप्प आहे.

२९ ऑक्टोबर

जेवताना मी तोंडापुढे रुमाल धरते. म्हातारीने आज लेकीच्या ट्रंकेला दोरी बांधली. गाठ दोनदा ओढून बघितली.

३० ऑक्टोबर

देल्फीनाला विचारलं, "जाणार?" म्हणाली, "आई सांगेल तसं." तिच्या तोंडून हे वाक्य अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. दिवसभर मी माझं काय चुकलं ते मोजत बसले. न बोलणं चुकलं, मग बोलणंही चुकलं.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

स्टेशन. हमालाने दोन्ही डाग उचलले, म्हातारीचा आणि ट्रंक. डब्यापाशी म्हातारी म्हणाली, "हा चढव. ट्रंक राहू दे खाली."

हमालाने ट्रंक परत खाली टेकवली.

"ती आणलीस कशाला मग?" देल्फीना.

"हिच्या तोंडाला वाचा फुटते का बघत होते," माझ्याकडे हनुवटी करून. "फाटकापर्यंत फुटली नाही. पाठीमागे वाघीण आणि समोर शेळी." मग देल्फीनाला, "मला हे पटलेलं नाही, सांगून ठेवते. पाद्रीबाबांना सांगायचं नाही, भावाला सांगायचं नाही. क्विंतोला मी सांगेन, त्या मागावर आधीच बाई बसलेली आहे."

मी तेव्हा बोलले. फलाटावर, माणसांत, हात तोंडावरून काढून. "मावशी, मी तिला जपेन." आवाज निघाला की नाही मला माहीत नाही. तिला तो लागतही नव्हता.

ती चढली. खिडकी बंद होती. गाडी हलली तशी काचेआडून, आवाज न करता, ती माझ्याकडे बघून सावकाश बोलली. मला स्वच्छ वाचता आलं: डावीकडची गादी बसलीय, नवी भरून घ्या.

१ नोव्हेंबर

आज सकाळी कॉफी घेताना म्हटलं, नशीबच म्हणायचं की त्या दिवशी मी दाराकडे तोंड करून बसले होते.

"नशीब?" देल्फीना म्हणाली. "खुर्ची कुणी दिली होती तुला?"